'बॅड सँटा' सणाचा अपमान करतो का?

टेरी झ्वायगॉफचा 'बॅड सँटा' (2003) हा ख्रिसमसवरचा, फक्त प्रौढांसाठीचा विनोदी चित्रपट. बिली बॉब थॉर्न्टनचा दारुडा विली मॉलमध्ये सँटा बनतो आणि सणाच्या रात्री तिथलीच तिजोरी फोडतो. शिवराळ भाषेमुळे हा सणाचा अपमान वाटू शकतो. पण चित्रपटाचा मारा श्रद्धेवर नाही, सणाच्या बाजारावर आहे. एका एकाकी मुलाच्या भाबड्या विश्वासामुळेच विली शेवटी बदलतो.

सणाच्या आडून टोले हाणण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. विदर्भात पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या सावकाराला सोडत नाहीत की पुढाऱ्याला. तरी बैलाची पूजा उणावत नाही. शिव्या पोरांच्या कानी नकोत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून पोरं झोपल्यावर बघा, पण बघाच.