न निवडलेला सोबती

सोबती नजरेआड होता कामा नये, आणि हाकेच्या टप्प्याबाहेरही जाता कामा नये. अपवाद फार थोडे: न्हाणीघर, किंवा मिशनच्या अध्यक्षांशी एकट्यानं बोलायची वेळ. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं, त्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी आज जगभर हा नियम पाळतात. बहुतेक जण विशीच्या आसपासचे. त्यांचा पांढरा शर्ट, टाय, छातीवरची काळी नामपट्टी आणि सायकल यांवर बरंच लिहिलं गेलं आहे. पण ही यंत्रणा खरी उभी आहे ती सोबत्याच्या नियमावर, असं मला वाटतं. चोवीस तास बरोबर असणारा हा माणूस कुणीही स्वतः निवडलेला नसतो.

निवड तशी कशाचीच नसते. मुलगा अर्ज भरतो, स्थानिक बिशप मुलाखत घेतात, डॉक्टर तपासतात. कुठल्या देशात जायचं हे मात्र सॉल्ट लेक सिटीत, चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक जण ठरवतो. पूर्वी टपालानं जाडजूड पांढरं पाकीट यायचं. 2018पासून निरोप इंटरनेटवर येतो. तरी आजी-आजोबा, शेजारी, मित्र असे सगळे जमल्याशिवाय तो उघडायचा नाही, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. आपल्याकडे बारावीच्या निकालाला घर जसं श्वास रोखून बसतं, तसंच ते. मुलांनी 24 महिने द्यायचे, मुलींनी 18. किमान वय 2012मध्ये मुलांसाठी 19वरून 18 आणि मुलींसाठी 21वरून 19 झालं, आणि त्यानंतर मिशनवर जाणाऱ्या मुलींची संख्या झपाट्यानं वाढली.

पगार नाहीच, उलट पैसे आपणच भरायचे. एकेकाळी ज्याला स्वस्त देश मिळाला त्याचं निभावायचं आणि ज्याला जपान मिळालं त्याचं घर कर्जबाजारी व्हायचं. म्हणून अमेरिकेतल्या मिशनऱ्यांसाठी 1991पासून सगळ्यांना सारखाच मासिक आकडा ठरला. 2020मध्ये तो 400वरून 500 डॉलर झाला.

जपान ज्याच्या वाट्याला येतं, त्याची गाठ आधी भाषेशी पडते. युटातल्या प्रोव्हो गावी, ब्रिगम यंग विद्यापीठाला लागून प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं पन्नासहून अधिक भाषा शिकवतात, आणि शिकवणारे बहुतेक जण नुकतेच त्या त्या देशातून परतलेले विद्यार्थी असतात. साधारण दोन महिन्यांत मोडकीतोडकी जपानी बोलता आली की विमानात बसायचं. पहिला सोबती तिथला मुरलेला असतो. काम शिकवण्याची जबाबदारी त्याची.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी, धर्मग्रंथाचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. त्यानंतर सायकली काढायच्या. जपानी घराचं दार आता सहसा उघडतच नाही. इंटरकॉमच्या जाळीतून अत्यंत सभ्य शब्दांत नकार येतो. दार आपटलं तर निदान राग तरी धरता येतो. सभ्य नकारावर रागही धरता येत नाही, आणि तो दिवसभर झेलायचा म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाची परीक्षाच. हल्ली दारोदार फिरणं कमी झालं आहे. बरीचशी ओळखपाळख फोनवरून, समाजमाध्यमांतून होते. चर्चच्या इमारतीत इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्गही असतो. तिथं येणाऱ्यांना बहुधा इंग्रजी हवं असतं, धर्म नव्हे. मिशनऱ्यांना ते ठाऊक असतं, तरीही ते मन लावून शिकवतात.

आणि एखाद्या दिवशी एखादी म्हातारी घरात बोलावते. बूट उंबऱ्याशी काढायचे, पायाची घडी घालून बसायचं, आणि समोर येतो हिरवा चहा. मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे. हा दंडक 1833चा. आलेला चहा परत करणं किती जड जातं, हे मराठी घरात वाढलेल्याला सांगायला नको. अशा वेळी जपानात ‘मुगिचा’ कामी येतो. भाजलेल्या सातूचा हा काढा; त्यात चहाचं पान नसतं, म्हणून तो चालतो. यजमानीण तो करायला आत गेली की त्या चार मिनिटांत दोन्ही पोरं जपानीतलं पुढचं वाक्य मनात जुळवत बसतात.

रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा, घरी बोलण्याचा. फेब्रुवारी 2019पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला आईचा चेहरा दिसतो. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

पण वेळापत्रक अंगवळणी पडतं. सोबत्याची सवय व्हायला जास्त दिवस लागतात. एक घोरतो, दुसऱ्याला भांडी तशीच ठेवायची सवय. एकाला शंभर दारं वाजवायची असतात, दुसऱ्याला घरच्या आठवणीनं अंथरुणातून उठवत नाही. राग आला म्हणून चक्कर मारून येऊ म्हणावं, तर तीही दोघांनी मिळूनच मारावी लागते. म्हणून दर आठवड्याला समोरासमोर बसायचं, आधी एकमेकांचं चांगलं काय ते सांगायचं, मग काय खटकलं ते बोलायचं. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. कधी सोबती बदलतो, कधी गाव, कधी काहीच नाही. संसारात पडण्याआधी इतकं काटेकोर प्रशिक्षण दुसरीकडे कुठं मिळत असेल, असं मला वाटत नाही.

जपानातलं हे काम 1901 सालचं. त्या ऑगस्टमध्ये चर्चचे एक प्रेषित हीबर ग्रँट तिघांना घेऊन योकोहामाला उतरले, तेव्हा मॉर्मन म्हणून त्यांना राहायला जागा नाकारली गेली. तिघांतला आल्मा टेलर 19 वर्षांचा होता. तो 1910पर्यंत तिथंच राहिला, आणि त्यानं केलेलं ‘मॉर्मनचं पुस्तक’चं जपानी भाषांतर 1909मध्ये छापून निघालं. 1924मध्ये मिशन बंद झालं, तोवर धर्मात आलेली माणसं दोनशेच्या आतच होती. 1948मध्ये पुन्हा सुरुवात झाली. आपल्याकडेही ही माणसं त्याच्या कितीतरी आधी येऊन गेली होती: 1852मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि विरोध सोसत पुण्यापर्यंत गेला. तिथं त्यानं छोटीशी मंडळी उभी केली. ती टिकली नाही.

आकड्यांनी मोजायचं तर 2024मध्ये चर्चमध्ये तीन लाखांहून अधिक नवे लोक आले, म्हणजे मिशनऱ्यामागे वर्षाला सरासरी चार. जपानात हा हिशेब फारच तोकडा पडतो. दोन वर्षं राबून एकही बाप्तिस्मा न पाहिलेला मुलगा तिथं नवलाचा नाही. त्याचे कष्ट वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण जो मुलगा आजारपणामुळं, नैराश्यामुळं मध्येच घरी परततो, त्याच्याबद्दल मॉर्मन समाजात अजूनही कुजबुजलं जातं, आणि हे मला मान्य नाही. अठराव्या वर्षी परक्या देशात, परक्या भाषेत, एकही क्षण एकट्याचा नसताना मोडून पडणं हा दोष नव्हे. स्वेच्छेनं दिलेले चार महिनेही दिलेलेच असतात.

काही जण मात्र त्या देशाचेच होऊन जातात. 1971मध्ये मिशनरी म्हणून जपानला गेलेला केंट गिल्बर्ट पुढं वकील झाला आणि 1980च्या दशकात अस्खलित जपानी बोलणारा अमेरिकन म्हणून तिथल्या टीव्हीवर घरोघरी पोचला. बाकीचे घरी परततात. विमानतळावर सगळं गणगोत आलेलं असतं, पण मिशन तिथं संपत नाही. विभागाचे प्रमुख रीतसर मोकळं करेपर्यंत नामपट्टी छातीवरच राहते आणि नियमही लागू असतात. ते झालं की मुलगा खोलीचं दार लावून घेऊ शकतो, सिनेमा पाहू शकतो, एकटा बाहेर पडू शकतो. दुकानात शिरल्यावर बरोबरचा कुठं राहिला म्हणून मागं वळून पाहायची सवय मात्र पुढं कित्येक आठवडे सुटत नाही.