मसल कार घ्यायचीय? आधी तिचे नंबर वाचा!

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून काढलाय. मधले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय जुनी अमेरिकन मसल कार. थोडक्यात ओळख: १९६४ साली पॉन्टिॲकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ क्युबिक इंच, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि जीटीओ हे नाव दिलं. साधी बॉडी, राक्षसी इंजिन आणि तरुणांना परवडेल अशी किंमत. मसल कारची लाट तिथून उसळली असं मानतात. आज त्याच गाड्यांच्या किमती ऐकून आपल्याला घाम फुटतो.

माझा मावसभाऊ मिशिगनमध्ये राहतो. त्याला कॉलेजपासून एकच गाडी हवी होती, १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल एसएस ४५४. आठ वर्षं पैसे साठवले. शेवटी एक सापडली. लाल रंग, काळे पट्टे, एसएसचे बॅज चकचकीत. मालक ७२,००० डॉलर मागत होता. दादा मला म्हणाला, "चल रे, बघून येऊ, आजच टोकन देऊन टाकतो." मी म्हटलं, "दादा, टोकन राहू दे, आधी नंबर बघू." त्या दिवशी जे शिकलो तेच तुम्हाला सांगतोय.

गाडीचं नाव बॅजवर नसतं

आपल्याकडे आरसी बुकात चॅसी नंबर आणि इंजिन नंबर, दोन्ही असतात. अमेरिकेत गाडीच्या मालकीच्या कागदावर फक्त व्हीआयएन असतो, म्हणजे आपला चॅसी नंबर. इंजिन बदललं तरी कागद तोच राहतो. त्यामुळे जुन्या गाडीत मूळचंच इंजिन आहे का, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

त्या लाल गाडीचा नंबर १३६३७ ने सुरू होत होता. १ म्हणजे शेव्हर्ले, ३६ म्हणजे व्ही-८ वाली मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. मग एसएस कुठेय? कुठेच नाही! १९७० मध्ये एसएस हे ऑप्शन पॅकेज होतं, त्यामुळे ते व्हीआयएनमध्ये येतच नाही. खऱ्या एसएसचा आणि साध्या मालिबूचा नंबर सारखाच सुरू होतो. म्हणूनच या गाडीच्या नकला भरपूर. बॅज, पट्टे, ग्रिल सगळं नवीन विकत मिळतं. अशा गाडीला 'क्लोन' म्हणतात.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. १९६६ पासूनच्या काही वर्षांच्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, ओळखायला सोपं. पण १९६४-६५ मध्ये जीटीओ हे ऑप्शन होतं, तिथे कंपनीच्या जुन्या नोंदी मागवाव्या लागतात. १९७० च्या डॉज-प्लिमथमध्ये व्हीआयएनचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. आर असेल तर ४२६ हेमी. फोर्डसाठी १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो. गाडी बघायला जाण्याआधी एवढा गृहपाठ मोबाईलवर होतो.

मग इंजिनाकडे

इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली, एक छोटी सपाट जागा असते. तिथे कंपनी व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकायची. तो गाडीच्या नंबरशी जुळला की 'मॅचिंग नंबर्स', आणि किंमत वर. मी टॉर्च मारून फोटो काढले. आकडे जुळत होते! दादाचा चेहरा खुलला.

पण एक गोष्ट खटकत होती. ती जागा फारच गुळगुळीत होती, ताजी घासल्यासारखी. मग मी ब्लॉकवरची ओतकामाची तारीख शोधली. ती निघाली १९७२ ची. आणि बोनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवर गाडी बनल्याची खूण होती ०३सी, मार्चचा तिसरा आठवडा. गाडी १९७० ची, इंजिन ओतलं १९७२ मध्ये. जन्माआधीच लग्न!

कोणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकला होता. आमच्या धंद्यातल्या लोकांना कळेल: कमिट हिस्ट्री बदलून फोर्स पुश मारलेला. आकडा खोटा ठोकता येतो, पण सगळ्या तारखा एकमेकांशी जुळवणं अवघड असतं. म्हणून एका पुराव्यावर कधीच थांबायचं नाही. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कारखान्यातली बिल्ड शीट. ती कधी कधी पेट्रोल टाकीच्या वर नाहीतर सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली सापडते.

पत्रा खोटं बोलत नाही

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज ठरलेलाच. खिशात छोटं चुंबक ठेवा आणि पातळ कापडात गुंडाळून लावा. जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. मागच्या चाकाच्या मागचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या काचेचे कोपरे, आणि खाली झोपून चॅसी, एवढं बघाच. इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेली बॉडी पैसे खात राहते. त्या लाल गाडीचे मागचे दोन्ही कोपरे पुट्टीचे होते.

किंमत कशी ठरवायची?

जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची इच्छा. आपण बघायचा तो लिलावात प्रत्यक्ष विकलेल्या गाडीचा आकडा. हॅगर्टीसारखे किंमत-मार्गदर्शक गाडीला १ ते ४ अशी अवस्था देतात: १ प्रदर्शनातली, ४ चालणारी पण दोष सहज दिसणारी. बहुतेक मालक आपली गाडी २ आहे म्हणतात आणि बघायला गेलं की ती ३ निघते.

आणि चकाकी म्हणजे किंमत नव्हे. 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग आठवा. एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि तिचं रंगकाम न करता तशीच ठेवली. जानेवारी २०२० मध्ये ती फ्लोरिडात ३७.४ लाख डॉलरला गेली, गंज आणि ओरखड्यांसकट! कारण तिचा इतिहास पक्का होता. मॅक्वीनने गाडी परत मागणारं लिहिलेलं पत्रसुद्धा सोबत होतं.

शेवटी काय झालं?

दादाने मालकाला फोटो दाखवले आणि क्लोनच्या हिशोबाने भाव सांगितला. मालक म्हणाला, मी पण अशीच घेतली होती. खरं असेलही. त्याने भाव उतरवला नाही, आम्ही निघालो. गाडीत दादा तासभर गप्प होता. मग म्हणाला, "वहिनीला काय सांगू?" मी म्हटलं, "वाचलो असं सांग."

तीन महिन्यांनी त्याने २९,००० डॉलरला साधी १९७० ची मालिबू घेतली, ३५० इंजिनवाली. बॅज नाही, पट्टे नाहीत, पण जे आहे ते खरं. आणि हो, क्लोन घेणं काही पाप नाही. चालवायला मजा तीच. फक्त क्लोनला क्लोनचेच पैसे द्या.

जाता जाता लक्षात ठेवा: व्हीआयएन, इंजिनाचा नंबर, ओतकामाची तारीख, चुंबक. हे चार झाल्याशिवाय टोकन नाही. रक्कम मोठी असेल तर त्या मॉडेलच्या जाणकाराला पैसे देऊन गाडी तपासून घ्या. आणि मालक "आजच ठरवा" म्हणाला, तर उद्या ठरवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!