हवा कोंडायची तर पाणी लागतं

सोलापुरात उन्हाला तोटा नाही. अडचण संध्याकाळी सातची आहे. घरोघरी दिवे लागतात तेव्हाच सौर वीज थांबते. मग दुपारच्या जादा विजेनं जमिनीखालच्या पोकळीत हवा दाबून भरायची आणि रात्री ती सोडून टर्बाइन फिरवायचं, असा एक उपाय आहे. (पोकळीबद्दल आम्ही तत्त्वज्ञानवाले फुकट बोलतो, इथे ती खोदायला पैसे पडतात.)

जर्मनीत हुन्टोर्फला हे १९७८ पासून चालू आहे. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना, तशी तिथेही हवा तापते. ती उष्णता टाकून दिली जाते, म्हणून रात्री वायू जाळावा लागतो. म्हणजे हे अगदी स्वच्छ काम नव्हे.

शिवाय हुन्टोर्फच्या पोकळ्या मिठाच्या थरात आहेत. त्यातून हवा निसटत नाही. आपल्याकडे बेसाल्ट. काळा पाषाण घट्ट खरा, पण त्याला सांधे, भेगा असतात. विहिरीचे झरे तिथूनच फुटतात. पाणी येतं त्या वाटेनं हवाही जाणार. पोलादी अस्तर लावता येतं, ते महाग. नाहीतर भोवतालच्या भूजलाच्या दाबानंच हवा अडवायची. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब. पन्नास वातावरणं कोंडायची तर पोकळी भूजलपातळीच्या निदान पाचशे मीटर खाली हवी. आणि ही पातळी टिकायला हवी. आपण तर दर उन्हाळ्यात बोअर आणखी खोल नेतो!

उजनीला १२ मेगावॉटचं, पाणी उलट वर चढवू शकणारं यंत्र बसवलेलं आहे. साठवण तीच, हवेऐवजी पाण्याची. पण त्याच पाण्यावर ऊसही डोळा ठेवून आहे, आणि शहराचे नळही.