उतरलेलं वजन पुन्हा चढलं, तर?

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया! असं नुसतं म्हटलं, तरी आपल्याकडे दोन तऱ्हेचे उद्गार हमखास कानावर येतात. "अगंबाई, त्यासाठी पोट कापून घ्यायचं? जरा जिभेवर ताबा ठेवला असता तर!" हा एक. आणि "बरं झालं बाई, सुटलीस कायमची," हा दुसरा. मैत्रिणींनो, पहिल्या उद्गाराने ती बाई दुखावते आणि दुसऱ्याने गाफील राहते. मग दोनचार वर्षांनी उतरलेलं वजन पुन्हा चढू लागलं, की दोन्हींचा मार तिला एकदमच बसतो. ती लग्नकार्याला जायचं टाळते, फोटोत मागे उभी राहते, आणि सर्वांत वाईट म्हणजे डॉक्टरांकडे जायचंच सोडून देते.

तुमची जाऊ, नणंद, भाची, किंवा तुम्ही स्वतः या वाटेवर असाल, तर कार्नी विल्सन या अमेरिकन गायिकेची हकीकत ऐकण्याजोगी आहे. 'बीच बॉइज' या प्रसिद्ध वाद्यवृंदातल्या ब्रायन विल्सन यांची ही मुलगी. १९९० साली 'विल्सन फिलिप्स' या तिघींच्या गायनसंचामुळे तिचं नाव घरोघरी पोचलं, आणि त्याबरोबर तिच्या आकारावरची टीकाटिप्पणीही. १९९९ साली तिने शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचं वजन ३०० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १३५ किलो होतं. ही शस्त्रक्रिया इंटरनेटवरून थेट दाखवली गेली. पुढे वजन जवळजवळ निम्म्यावर आलं आणि सगळीकडे वाहवा झाली.

गोष्ट इथेच संपली असती, तर ती परीकथा झाली असती! पण खाण्याकडे धावणाऱ्या मनाला दुसरा आधार लागला आणि ती दारूकडे वळली. तो फास तिने निश्चयाने सोडवला. पुढे २००५ आणि २००९ साली दोन मुली झाल्या, आणि वजन पुन्हा वाढलं. २०१२ साली तिने दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घेतली. या खेपेला जठराभोवती पट्टा बसवण्याची. त्यानंतरही चढउतार सुरूच राहिले, आणि अलीकडच्या वर्षांत खाणंपिणं बदलून आपण ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो कमी केल्याचं तिने सांगितलं. हे सारं तिने वेळोवेळी चारचौघांत उघडपणे बोलून दाखवलं. तिच्या हकीकतीतून घेण्यासारखं काही असेल, तर ते हेच. प्रत्येक वेळी ती मदत मागायला परत गेली.

आता तुम्ही विचाराल, एवढी मोठी शस्त्रक्रिया करूनही वजन परत येतंच कसं? त्यासाठी आत काय करतात ते थोडक्यात पाहू. एका प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या, म्हणजे 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे दोन घासांत पोट भरतं. शिवाय भूक लावणारी आणि पोट भरल्याचं कळवणारी जी संप्रेरकं असतात, त्यांचाही तोल बदलतो. म्हणून पहिलं वर्ष दीड वर्ष वजन भराभरा उतरतं.

पण शरीर मोठं हिशेबी असतं, बरं का! उतरलेलं वजन म्हणजे दुष्काळ आला, असं त्याला वाटतं. ते कमी अन्नात भागवायला शिकतं, आणि हळूहळू भूकही परतू लागते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत चार हजारांवर स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर येऊन स्थिरावली. म्हणजे थोडं वजन परत येणं हा नियमच म्हणायचा. आणि तरीही शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच लोकांच्या मानाने या मंडळींत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. तेव्हा काटा पाच किलोंनी सरकला म्हणजे सगळं पाण्यात गेलं, असं मुळीच समजू नका.

मात्र काटा सरकतच राहिला, तर कारण शोधायलाच हवं. थायरॉइडचा त्रास, पाळी जाण्याचा काळ, स्टिरॉइडसारखी औषधं, अपुरी झोप, मनाची उदासी, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. कधी शस्त्रक्रियेच्या जागीच बदल झालेला असतो. तो तपासणीतच कळतो. म्हणून पहिलं पाऊल डॉक्टरांच्या दारात टाका. आज गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. त्यांतली काही नवी इंजेक्शनं २०२५ साली भारतातही आली. कुणाला ती चालतील हे डॉक्टर ठरवतील. शेजारणीला चालली म्हणून आपण टोचून घ्यायची नाहीत.

घरातल्या सवयींचंही पाहा. शस्त्रक्रियेनंतर ताटभर जेवता येत नाही, पण चिवडा, शेव, बिस्किटं, आइस्क्रीम हे सारं त्या चिमुकल्या पोटातून सहज सरकून जातं. ओट्याशी उभ्याउभ्या उरलेला घास तोंडात टाकणं, मुलांच्या डब्यातलं परत आलेलं संपवणं, हे आपल्या हिशेबात कधी धरलंच जात नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि चार वेळचा गोड चहा हेही तसंच. तेव्हा एवढं करून पाहा:

• जेवायला सर्वांबरोबर बसा, लहान ताटलीत वाढून घ्या आणि घास बारीक चावून खा. जेवताना पाणी पिऊ नका. अर्ध्या तासाने प्या.

• आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भातपोळी. घट्ट वरण, मुगामटकीची उसळ, पनीर, दही, चालत असेल तर अंडी आणि मासे. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे रोजचा बेत किती विचाराने करायला हवा ते पाहा!

• बी-१२, लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. वजन वाढलं म्हणून रागाने त्या बंद करू नका. शाकाहारी बायकांनी तर बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावं. वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्या.

• दोन दिवसांपेक्षा अधिक उलट्या होत राहिल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. बी-१ या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मज्जातंतूंना इजा होऊ शकते. तडक दवाखाना गाठा.

• नवविवाहितांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष दीड वर्ष थांबावं असा सल्ला असतो. बायपासनंतर संततिनियमनाच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येईलच असं नाही. डॉक्टरांना आधीच विचारा.

आणि घरातल्या इतर मंडळींसाठी दोन शब्द. "एवढे पैसे घातले आणि पुन्हा होती तशीच झालीस," असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी आणि यजमानांनी एवढंच आठवावं, की रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याचा दाब पुन्हा वाढला, तर आपण त्याला टोमणे मारत नाही. डॉक्टरांकडे घेऊन जातो. लठ्ठपणाही तसाच दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे. आग्रहाने वाढलेली दुसरी पुरणपोळी आणि पाठीमागे केलेली कुजबुज, दोन्ही आवरलीत तर तिला मोठा हातभार लागेल.

तुमची तपासणी किती दिवसांत झालेली नाही? वर्ष? दोन वर्षं? मग उद्या सकाळी कामं आटोपली, की फोन करून वेळ ठरवून टाका. जुन्या डॉक्टरांसमोर जायचा संकोच वाटत असेल, तर दुसऱ्यांकडे जा. जुने कागद मात्र बरोबर न्या. आणि सोबतीला बहिणीला नाहीतर मैत्रिणीला घेऊन जा.