दहा वर्षांची मुदत नेमकी कशाला?

आरक्षणाचा विषय निघाला, की राजधानीतील सरकारी वसाहतींपासून गावाकडच्या पारापर्यंत एक विधान हटकून ऐकू येते : घटनाकारांनी आरक्षण केवळ दहा वर्षांसाठी दिले होते, राजकारण्यांनी मतांसाठी ते लांबवले. प्रशासनात हयात घालवलेली माणसेही ते निःशंकपणे करतात. राज्यघटनेतील तरतुदी मात्र वेगळेच सांगतात.

दहा वर्षांची मुदत राज्यघटनेत होती, हे खरे. पण ती अनुच्छेद ३३४ मध्ये होती आणि लोकसभा व विधानसभांतील अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, तसेच अँग्लो-इंडियन समाजाचे नामनियुक्त सदस्य यांपुरतीच मर्यादित होती. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाचा आधार अनुच्छेद १६(४) हा आहे. शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठीचा अनुच्छेद १५(४) पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ मध्ये आला. या दोहोंत कालमर्यादेचा उल्लेखही नाही. जिथे मुदतच नव्हती, तिथे मुदतवाढ कसली?

मुदतवाढ मिळाली ती राखीव मतदारसंघांना. १९५९, १९६९, १९८०, १९८९, १९९९, २००९ आणि २०१९ अशा सात घटनादुरुस्त्यांनी ती दर वेळी दहा वर्षांनी वाढत गेली. या काळात केंद्रात काँग्रेस, राष्ट्रीय आघाडी आणि भाजप यांच्या नेतृत्वाखालील सरकारे आली. या प्रश्नावर एकानेही वेगळी वाट धरली नाही. अँग्लो-इंडियन नामनियुक्ती तेवढी जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली.

हा केवळ कलमांचा काथ्याकूट नव्हे. १०४व्या घटनादुरुस्तीने दिलेली मुदत जानेवारी २०३० मध्ये संपते. लोकसभेच्या ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी, तर ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रातील अशा जागा अनुक्रमे पाच व चार. या मतदारसंघांत मतदान सर्वच समाज करतात. त्यामुळे निवडून येणारा प्रतिनिधी आपल्या समाजाचा आवाज ठरतो की पक्षाचा, हा खरा वादविषय आहे आणि त्यावर संसदेत कसून चर्चा व्हायला हवी.

नोकऱ्यांतील आरक्षणाचे समर्थन वा विरोध करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र विरोधकांना तो आपल्या युक्तिवादाच्या बळावर करावा लागेल. घटनाकारांनी न घातलेल्या मुदतीचा आधार त्यांना घेता येणार नाही.