शाई कमी पडली तेव्हा

लग्नपत्रिका किंवा मंडळाचे टी-शर्ट छापणाऱ्याकडे लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी तुम्ही पाहिली असेल. चित्रकार अँडी वॉरहॉलचं हत्यारही तेच. ऑगस्ट १९६२ मध्ये अभिनेत्री मेरिलिन मन्रो गेली आणि त्याने ‘नायगारा’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीचा तिचा एक फोटो उचलला.

फोटो असा छापायची रीत अशी : जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारं रसायन लावायचं, वर फोटोची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागला तिथे रसायन कडक होतं. फिल्मच्या काळ्या भागाखालचं पाण्याने धुऊन जातं आणि जाळी मोकळी राहते. मग शाई ओतून रबरी पट्टी ओढली की मोकळ्या भोकांतून चेहरा खाली उतरतो. वॉरहॉल कॅनव्हासवर पिवळे केस, गुलाबी कातडी, निळ्या पापण्या आधीच रंगवून ठेवी आणि त्यावर काळा छाप मारी. छाप जरा सरकला की ओठांचा रंग ओठांबाहेर! छापखान्यात असा कागद रद्दीत जातो. त्याने तो भिंतीवर लावला.

‘मेरिलिन डिप्टिक’ या त्याच्या दोन भागांच्या चित्रात असे ५० चेहरे आहेत. डावीकडचे २५ रंगीत, उजवीकडचे काळे-पांढरे. खरी गंमत उजवीकडे आहे, असं मला वाटतं : एका उभ्या रांगेत शाई इतकी साचली आहे की चेहरा बुजतो; पुढे ती कमी होत जाते आणि कडेला मेरिलिन जवळजवळ पुसलेली दिसते. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.