मोटारीचें अर्धें इंजिन निजतें तेव्हां

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीचें नांव काढलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें लोखंडी सळयांचे कारखाने आणि भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या उभ्या राहतात. तें योग्यच आहे. परंतु त्याच वसाहतींत नाजूक कामाचाही एक कारखाना आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. १९६५ सालीं स्थापन झालेल्या एन. आर. बी. बेअरिंग्ज या कंपनीचा तो कारखाना. सुईसारख्या बारीक, लांबट पोलादी रुळांचीं बेअरिंगें हा या कंपनीचा नांवाजलेला माल. फिरणाऱ्या दोन भागांमध्यें असे रूळ बसविले म्हणजे घर्षण पुष्कळ कमी होतें आणि जागाही थोडी लागते. आजच्या इंजिनांत झडपा उघडणाऱ्या तरफांवर जें छोटें चाक असतें, तें पुष्कळदां अशाच रुळांवर फिरतें. घर्षण कमी तर इंधन कमी, हा हिशेब सरळ आहे. पण इंधन वाचविण्याची याहून धीट युक्ति मोटारीच्या इतिहासांत आहे. ती म्हणजे धांवत्या गाडीचें अर्धें इंजिन निजवून ठेवणें. आणि गंमत अशी, कीं ती युक्ति प्रथम काटकसरी माणसाच्या गाडींत आली नाहीं. ती आली श्रीमंतांच्या मोटारींत.

ती समजण्यासाठीं आधीं उधळपट्टी कोठें होते तें पाहिलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत नळकांडें, म्हणजे सिलिंडर, आणि त्यांत खालींवर होणारा दट्ट्या असतो. दट्ट्या खालीं जातांना हवा ओढतो, तींत पेट्रोल मिसळतें, ठिणगी पडते, आणि जळणाच्या जोरानें चाकें फिरतात. हवा व पेट्रोल यांचें प्रमाण जवळजवळ ठरलेलें असल्यामुळें शक्ति कमी हवी असली म्हणजे हवाच कमी करावी लागते. त्यासाठीं हवेच्या वाटेंतील पडदा मिटावा लागतो. मग दट्ट्याची स्थिति तोंड आवळलेल्या नळींतून उसाचा रस ओढूं पाहणाऱ्या मुलासारखी होते. ओढण्यांतच निम्मा जीव जातो. सपाट रस्त्यावर ताशीं ८० किलोमीटर वेग राखण्यास मध्यम आकाराच्या मोटारीला पंधरा अश्वशक्तीच्या आसपास पुरे होतात. १५० अश्वशक्तीचें इंजिन त्या वेळीं आपल्या सामर्थ्याच्या दहाव्या हिश्शानें चालत असतें. ७०० अश्वशक्तीच्या मोटारीविषयीं तर बोलावयासच नको. लग्नाच्या पंगतीचें पातेलें दोन माणसांच्या आमटीसाठीं रोज चुलीवर चढवावें, त्यांतलाच हा प्रकार.

यावर उपाय असा. भार हलका असेल तेव्हां आठांपैकीं चार, किंवा चारांपैकीं दोन नळकांड्यांचें पेट्रोल तोडावयाचें आणि त्यांच्या झडपाही मिटून टाकावयाच्या. सगळें ओझें उरलेल्या नळकांड्यांवर पडतें. त्यामुळें हवेचा पडदा अधिक उघडावा लागतो, आणि त्यांचा श्वास मोकळा होतो. खरी मेख झडपा मिटण्यांत आहे. नुसतें पेट्रोल तोडलें आणि झडपा चालू राहूं दिल्या, तर निजलेले दट्ट्ये थंड हवा आंत ओढून बाहेर फेंकीत बसतील. श्रम वाचणार नाहींत, आणि धूर शुद्ध करणाऱ्या साधनाचें कामही बिघडेल. झडपा मिटलेल्या असल्या म्हणजे आंत कोंडलेला वायु स्प्रिंगप्रमाणें दबतो व फुगतो, आणि दाबतांना खर्चलेली शक्ति फुगतांना बहुतांशीं परत मिळते.

कल्पना तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतांत व लहान कारखान्यांत एका नळकांड्याचीं जीं इंजिनें चालत, त्यांतील कांहींना भार कमी होतांच धूर सोडणारी झडप उघडी धरून एखाददुसरें जळण चुकविण्याची सोय असे. मोटारींत मात्र हा प्रयोग प्रथम चांगलाच फसला. १९८१ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅकनें आठ नळकांड्यांचें इंजिन गरजेप्रमाणें सहांवर किंवा चारांवर चालविण्याची योजना विक्रीस आणली. १९७३ व १९७९ च्या तेलटंचाईचा चटका ताजा होता. यंत्राचे सांधे बरे होते, पण त्यांना हुकूम सोडणारा त्या काळचा संगणक मंद होता. गाडी हिसके देऊं लागली, पुष्कळ मालकांनीं ती व्यवस्थाच तोडून घेतली, आणि बहुतेक गाड्यांतून ती वर्षभरांत नाहींशी झाली. त्या अभियंत्यांना दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. त्यांना हवें होतें तें साधन वीस वर्षें उशिरा जन्मास आलें.

पुढें मर्सिडीझ-बेंझनें १९९९ च्या सुमारास तिचें पुनरुज्जीवन केलें. २०१२ सालीं औडीनें आपल्या आठ नळकांड्यांच्या वेगवान गाड्यांत चार नळकांडीं निजविलीं, आणि तेव्हां उठणारी थरथर मारण्यासाठीं इंजिनाखालीं उलट कंप निर्माण करणारे आधार व गाडींत आवाज शमविणारे ध्वनिवर्धक बसविले. त्याच वर्षाअखेर लांबोर्गिनीच्या आव्हेंतादोर या ६.५ लिटर, बारा नळकांड्यांच्या आणि ७०० अश्वशक्तीच्या मोटारींत ताशीं १३५ किलोमीटरच्या खालीं, भार हलका असतां, सहा नळकांड्यांची एक बाजू सबंध झोंपूं लागली. ज्याला अशी मोटार परवडते त्याला पेट्रोलची फिकीर कसली, असें कोणीही विचारील. फिकीर मालकाला नव्हती, कारखानदाराला होती. युरोपांत २००९ च्या कायद्यानें प्रत्येक मोटार-उत्पादकाच्या सर्व गाड्यांच्या सरासरी कर्बवायूवर मर्यादा आली, आणि ती ओलांडली तर दंड. भारतांतही २०१७ पासून असे सरासरीचे नियम लागू झाले व २०२२ पासून ते अधिक कडक झाले.

श्रीमंताघरची ही युक्ति मध्यमवर्गाच्या दारीं आली ती फोक्सवॅगनमुळें. या कंपनीनें २०१२ सालीं १.४ लिटरच्या चार नळकांड्यांच्या इंजिनांत मधलीं दोन निजविलीं. झडपा उचलणाऱ्या दांड्यावर सरकणाऱ्या नळ्या बसविलेल्या असतात; विजेच्या जोरानें एक खुंटी नळीच्या नागमोडी खांचेंत उतरते, नळी बाजूला सरकते, आणि झडपेखालीं उंचवट्याऐवजीं सपाट गोल भाग येतो. हें सारें जास्तींत जास्त ३६ सहस्रांश सेकंदांत. पुढें याच जातीचें १५० अश्वशक्तीचें १.५ लिटरचें इंजिन २०२१ पासून पुण्याजवळच्या चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांत मिळूं लागलें. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरास जातांना वाटेंत लागणाऱ्या शेंद्र्याच्या वसाहतींतही २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जात आहेत.

आतां घरखर्चाची गोष्ट. त्या १.४ लिटर इंजिनाची बचत कंपनीनें चांचणींत १०० किलोमीटरमागें सुमारें ०.४ लिटर सांगितली होती. वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी चालविणाऱ्या कुटुंबाचे यानें ४० लिटर वांचतील. लिटरला शंभर रुपये धरले तर ४,००० रुपये. केवळ एवढ्यासाठीं तीन नळकांड्यांची स्वस्त गाडी सोडून मोठ्या इंजिनाची महाग गाडी घेणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. शक्ति हवीच असेल, तर मात्र बचत पदरांत पडते. तीही रस्त्यावर अवलंबून आहे. गांवांतल्या धरसोडीच्या रहदारींत इंजिनाला झोंप लागेपर्यंत पुन्हां जागें व्हावें लागतें. जालना जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग, जो जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला, तो एका लयींत चालण्याचा रस्ता, म्हणून या इंजिनाला मानवणारा. पण तेथील १२० च्या मर्यादेला गाडी टेकवली, तर हवेचा अडथळा १०० च्या वेगाच्या जवळजवळ दीडपट होतो आणि झोंप तुटक होते. ९० च्या आसपास चालविणारा माणूस झडपांच्या या सगळ्या करामतीपेक्षां अधिक पेट्रोल वांचवितो, आणि त्याला त्यासाठीं कांहींच विकत घ्यावें लागत नाहीं.

आव्हेंतादोरचें उत्पादन २०२२ सालीं थांबलें. तिच्या जागीं २०२३ मध्यें आलेल्या रेव्हुएल्तो या गाडींत बारा नळकांड्यांच्या जोडीला विजेचीं तीन यंत्रें आहेत. निव्वळ विजेच्या गाडींत नळकांडें नाहीं, झडप नाहीं, तेव्हां निजवावयाचें तरी काय? तिच्या दंतचक्रांना रूळ लागतात, झडपांच्या तरफांचें काम मात्र संपतें. इंजिनाचे सुटे भाग घडविणाऱ्या वसाहतींना हा बदल सोपा जाणार नाहीं. तूर्त खाजगी पेट्रोल-गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि आज दुकानांतून निघणाऱ्या गाड्यांच्या झडपा तोंपर्यंत उघडत-मिटत राहणार आहेत.